गोदामासाठी रॅक निवडताना : भार, खारी हवा आणि पावसाळ्याचा हिशेब

प्रतिनिधी, रत्नागिरी

रत्नागिरी जिल्ह्यातील गोदामांचे वेळापत्रक शेती ठरवते. काजूबीची आवक साधारणपणे फेब्रुवारी ते मे या काळात होते, आंब्याचे कॅनिंग मे महिन्यात जोरात चालते आणि पुढे वर्षभर विकायचा माल जूनच्या तोंडावर गोदामात येऊन पडतो. त्यामुळे गोदाम पूर्ण भरलेले असते, नेमका त्याच वेळी पाऊस सुरू होतो. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि समुद्रावरून येणारा खारा वारा यांना तोंड देत लोखंडी रॅकला सर्वाधिक भार पेलावा लागतो. मात्र अनेकदा रॅकची खरेदी केवळ दरपत्रकातील शेवटचा आकडा पाहून होते. रॅक निवडताना जूनमधील भरलेल्या गोदामाचा विचार का करावा लागतो, याची ही माहिती.

रॅकची गरज आहे का?

पहिला प्रश्न हाच असावा. एकाच प्रकारचा माल पोत्यांमध्ये असेल आणि तो मोठ्या प्रमाणात एकदम उचलला जाणार असेल, तर रॅकपेक्षा थप्पी बरी. काजूबीची पोती जमिनीपासून उचललेल्या लाकडी पाटांवर, भिंतीपासून अंतर ठेवून आणि मध्ये हवा खेळेल अशी रचली तर काम भागते. मालाचे प्रकार अनेक असतील, प्रत्येक घाण्याचा माल वेगळा ठेवावा लागत असेल किंवा खालची खोकी वरच्या वजनाने दबत असतील, तेव्हा रॅकला पर्याय उरत नाही.

खाद्यपदार्थांच्या व्यवसायासाठी २०११ च्या अन्नसुरक्षा परवाना व नोंदणी नियमावलीतील चौथी अनुसूची मार्गदर्शक आहे. माल जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून दूर ठेवावा, तसेच आधी आलेला किंवा आधी मुदत संपणारा माल आधी बाहेर काढावा, अशी तिची अपेक्षा आहे. रॅकच्या निवडीत यातील दुसरी अट निर्णायक ठरते.

प्रकार कोणते?

सर्वाधिक वापर साध्या पॅलेट रॅकचा होतो. यात उभे खांब आणि आडवे बीम असतात व प्रत्येक पॅलेटपर्यंत फोर्कलिफ्ट थेट पोहोचते. कोणताही पॅलेट केव्हाही काढता येतो. मात्र प्रत्येक दोन रांगांमागे एक वाट सोडावी लागत असल्याने जागा बरीच जाते. साध्या फोर्कलिफ्टला सुमारे साडेतीन मीटर किंवा त्याहून रुंद वाट लागते. रीच ट्रक त्याहून अरुंद वाटेत, साधारण पावणेतीन ते तीन मीटरमध्ये फिरतो. परंतु त्याला सपाट, न फुटलेली जमीन हवी आणि पावसात उघड्या अंगणात तो चालवता येत नाही.

ड्राइव्ह-इन रॅकमध्ये फोर्कलिफ्ट रॅकच्या आत शिरते आणि एकामागे एक पॅलेट ठेवते. मधल्या वाटा वाचल्याने त्याच शेडमध्ये बराच जास्त माल बसतो. अडचण अशी, की शेवटी ठेवलेला माल आधी बाहेर येतो आणि आत गेलेला तिथेच राहतो. एकाच घाण्याची गोठवलेली मासळी एकाच कंटेनरमधून रवाना होणार असेल, तर शीतगृहात ही पद्धत सोयीची आहे. कारण थंड केलेल्या प्रत्येक घनमीटरसाठी वीजबिल भरावे लागते. निरनिराळ्या तारखांचा आंब्याचा रस ठेवण्यासाठी मात्र ती योग्य नाही. मुदतीचा क्रम पाळायचा असून जागाही वाचवायची असेल, तर उतरत्या रोलरवरून पॅलेट आपोआप पुढे सरकणारा गुरुत्वाकर्षण रॅक घेता येतो. त्याचा खर्च आणि देखभाल दोन्ही जास्त असतात.

पीव्हीसी पाइप, पत्रे, लाकूड असा लांब माल कँटिलिव्हर रॅकवर ठेवतात. त्याला पुढे खांब नसतो, मागच्या खांबातून फक्त हात बाहेर आलेले असतात. हाताने उचलायची खोकी आणि सुटे भाग यांच्यासाठी लाँग स्पॅन शेल्फ पुरेसे असतात. फोर्कलिफ्ट नसलेल्या लहान उद्योगाने उंच पॅलेट रॅक घेण्यात अर्थ नाही.

भाराचा हिशेब

आंब्याच्या रसाच्या मोठ्या डब्यात ३.१ किलो माल असतो आणि एका खोक्यात असे सहा डबे बसतात. निव्वळ माल १८.६ किलो, डबे व पुठ्ठा धरून एका खोक्याचे वजन २२ किलो मानू. पॅलेटवर ४० खोकी रचली, तर पॅलेटसह सुमारे ९०० किलो होतात. एका खणात प्रत्येक थरावर दोन पॅलेट आणि बीमवर असे चार थर असतील, तर एका खणाचा भार ७ हजार २०० किलो होतो. रांगेतील मधल्या चौकटीवर दोन्ही बाजूंच्या खणांचा अर्धा-अर्धा भार येतो आणि तिला दोन खांब असतात. म्हणजे रॅकचे स्वतःचे वजन सोडूनही प्रत्येक खांबातून ३ हजार ६०० किलो भार साधारण तळहाताएवढ्या लोखंडी पट्टीमार्गे जमिनीत उतरतो.

विक्रेता ‘एका थराला दोन टन’ असे सांगतो तेव्हा तो आकडा बहुधा बीमचा असतो. खांबाची क्षमता वेगळी असते आणि ती दोन बीममधील उभ्या अंतरावर अवलंबून असते. बारीक खांबाचे बिनआधाराचे अंतर दुप्पट केल्यास वाकण्याविरुद्धची त्याची ताकद सिद्धान्ततः चौथ्या हिश्श्यावर येते. त्यामुळे उंच माल बसावा म्हणून खालचा बीम काढून टाकणे किंवा वर सरकवणे धोक्याचे आहे. माल तेवढाच राहतो, पण खांब दुबळा होतो. असा कोणताही बदल करण्यापूर्वी उत्पादकाकडून नवा हिशेब घ्यावा.

कोबा आणि भराव

रत्नागिरी परिसरातील अनेक भूखंड जांभ्याच्या सड्यावर किंवा उतारावर आहेत. उतार सपाट करताना एका बाजूला कातळ खोदला जातो आणि दुसऱ्या बाजूला मातीचा भराव पडतो. शेडचा अर्धा भाग कातळावर आणि अर्धा भरावावर असेल, तर पावसाळ्यात भरावाकडील कोबा खचू शकतो. सहा मीटर उंच रॅकचा एक पाय थोडासा खचला तरी वरचे टोक स्पष्टपणे झुकते.

म्हणून रॅकची ऑर्डर देण्याआधी कोब्याची जाडी, त्यातील सळई आणि खालचा थर स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्यावा. मुरमावर बसवलेल्या शहाबादी किंवा कडप्प्याच्या फरशीत अँकर बोल्ट पक्के धरत नाहीत. रॅक जांभ्याच्या भिंतीला किंवा छताच्या कैच्यांना बांधणेही टाळावे. त्या बांधकामाचा हिशेब या भारासाठी केलेला नसतो.

गंज, पूर आणि भूकंप

रॅकला सहसा पावडर कोटिंग केलेले असते. कोरड्या हवेत ते टिकते. किनाऱ्यालगत मात्र पाट्यांची छिद्रे, कापलेल्या कडा आणि फोर्कलिफ्टच्या ओरखड्यांपासून गंज सुरू होतो. मीठ, बर्फ आणि मासळीचे पाणी असलेल्या जागी छिद्रे पाडल्यानंतर गरम जस्तात बुडवलेले रॅक घेणे श्रेयस्कर. आधी जस्त चढवलेल्या पत्र्यातून नंतर छिद्रे पाडली असतील, तर कडा उघड्याच राहतात. दोन्ही प्रकार ‘गॅल्व्हनाइज्ड’ याच नावाने विकले जातात, त्यामुळे दरपत्रकात प्रक्रिया लिहून घ्यावी. खांबाची पायपट्टी आणि अँकर बोल्ट यांनाही तीच अट लावावी.

चिपळूणने २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचा महापूर अनुभवला. नदीकाठच्या गोदामात तळाचा थर दहा-पंधरा सेंटिमीटर उचलल्याने ओल आणि उंदीर-वाळवीपासून संरक्षण मिळते, पुरापासून नाही. अशा ठिकाणी कोणता माल कुठे ठेवायचा, हे आधी ठरवावे लागते. स्थैर्यासाठी जड माल खाली हवा आणि पाण्याने तत्काळ नासणारा माल वर हवा. सुदैवाने काजूगर हे तुलनेने हलके आणि महाग, तर रसाचे बंद पिंप जड असते. त्यामुळे पिंपे खाली आणि काजूगर वर ही मांडणी दोन्ही अटी पाळते.

कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सह्याद्रीच्या या बाजूलाही विसरला गेलेला नाही. भरलेला उंच रॅक हा वर जड आणि खाली बारीक असा सांगाडा असतो. त्याचा आराखडा लागू असलेल्या आयएस १८९३ या भारतीय मानकानुसार तपासल्याचे लेखी घ्यावे.

दरपत्रकात काय असावे?

* प्रत्येक थराची व संपूर्ण खणाची भारक्षमता आणि ती दर्शवणारा मराठी फलक
* पोलादाची प्रत व जाडी, कोटिंगची प्रक्रिया
* अँकर बोल्टची संख्या व प्रत्येक खांबातून जमिनीवर येणारा भार
* बीम उचकटू नये म्हणून सुरक्षा पिना आणि कोपऱ्यातील खांबांना संरक्षक कठडे
* पाच-दहा वर्षांनंतरही त्याच बनावटीचे सुटे भाग मिळण्याची हमी

जुने रॅक स्वस्त मिळतात. परंतु एका उत्पादकाचे बीम दुसऱ्याच्या खांबात वरवर बसले, तरी त्या जोडाची क्षमता कुणीही सांगू शकत नाही. अशी सरमिसळ करू नये. उंच रॅकमुळे आगीचा धोकाही बदलतो, हे लक्षात ठेवावे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक वा भोगवटादारावर आहे. तेलकट काजूटरफले तर मालाच्या रॅकपासून वेगळ्या जागीच हवीत.

बसवल्यानंतर

रॅक कोसळण्याच्या घटनांमागे अनेकदा फोर्कलिफ्टच्या धक्क्याने वाकलेला एखादा खालचा खांब असतो. तो बसतो आणि त्याच्यामागे अख्खी रांग. त्याच रांगेत हमाल आणि चालक काम करत असतात. युरोपातील ईएन १५६३५ हे मानक दर आठवड्याला नजरेने पाहणी आणि वर्षातून किमान एकदा तज्ज्ञाकडून तपासणी सुचवते. त्याची कसोटी सोपी आहे. एक मीटर लांबीची सरळ पट्टी वाकलेल्या खांबाला लावावी. बीमच्या दिशेने ५ मिलिमीटरपेक्षा किंवा चौकटीच्या दिशेने ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली, तर खांब मर्यादेबाहेर गेला. नुकसान त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक असेल, तर तो भाग त्वरित रिकामा करायचा. बीमसाठी लांबीच्या दोनशेव्या भागाइतकी लवण मान्य असते, म्हणजे २.३ मीटरच्या बीमला साडेअकरा मिलिमीटर. वाकलेला खांब ठोकून सरळ करणे किंवा वेल्डिंग करणे हा उपाय नव्हे, तो बदलावाच लागतो.

कोकणात या वार्षिक तपासणीसाठी एप्रिलचा आरंभ योग्य. कॅनिंगचा माल यायचा असतो, रॅक बहुतांशी रिकामे असतात आणि खांब बदलायचा झाल्यास हाताशी वेळ असतो. जूनमध्ये वाकलेला खांब सापडला, तर तो बदलण्यासाठी आधी सात टन माल हलवावा लागतो आणि बाहेर पाऊस कोसळत असताना तो ठेवायला दुसरी जागा नसते.