ओवरी, टांगा आणि वसतिगृह : खानदेशातील उच्च शिक्षणाच्या वाटेचा एक शोध

अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात भिंतीवर एक लहानसा ब्राह्मी लेख आहे. घनामदड नावाच्या एका व्यापाऱ्याने हे निवासस्थान त्यातील खोल्यांसह दान दिले, एवढाच त्याचा आशय. खोलीसाठी तेथे जो प्राकृत शब्द आला आहे तो संस्कृत ‘अपवरक’ या शब्दाचे रूप होय. आपल्या मराठीतील ‘ओवरी’ त्याच कुळातली. लेण्याच्या तीन बाजूंना प्रत्येकी चार अशा बारा ओवऱ्या आहेत आणि प्रत्येकीत दोन दगडी शय्या. म्हणजे चोवीस भिक्षूंच्या राहण्याची सोय झाली. चाळीसगावाच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या कड्यावर पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथील दानलेखांत पैठणचा राजवैद्य मागिल आणि त्याची मुले यांची नावे सापडतात. धम्म शिकावयाचा आणि शिकवावयाचा तर निवारा हवा, ही गोष्ट त्या काळच्या व्यापाऱ्याला आणि वैद्याला कोणी वेगळी समजावून सांगावी लागली नसावी.

बौद्ध परंपरेबाहेरही हेच दिसते. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला आणि तेथील निकुंभवंशीय सत्ताधाऱ्यांनी त्या मठाच्या चरितार्थाची तजवीज केली, अशी नोंद त्यात आहे. गणित शिकणाऱ्यांच्या पोटाची चिंता राज्याने वाहावी, हा विचार खानदेशाच्या भूमीत निदान आठशे वर्षे जुना आहे. मात्र त्या मठाचे दार कोणासाठी उघडे होते आणि कोणासाठी नव्हते, हे सांगण्याची गरज नाही.

त्याच चाळीसगावात ऑक्टोबर १९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर टांग्यातून पडले. ही घटना आपल्या वाचकांना ठाऊक आहे. महारवाडा स्टेशनापासून सुमारे दोन मैलांवर; पाहुण्याला चालवीत नेणे बरे दिसत नाही म्हणून लोकांनी टांगा ठरविला. टांगेवाले अस्पृश्याला बसवून टांगा हाकावयास तयार होईनात. शेवटी टांगा द्यावा, हाकणारा महारांपैकीच असावा, अशी तडजोड झाली. हाकणाऱ्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही एक टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजतो, ही गोष्ट त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदविली.

ही कथा आपण व्याख्यानांतून नेहमी ऐकतो. बाबासाहेब त्या दिवशी खानदेशात कशासाठी आले होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. मुंबई सरकारने नोव्हेंबर १९२८ मध्ये ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य वर्ग व आदिम जमाती यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली होती. डॉ. पुरुषोत्तम सोळंकी, ठक्कर बाप्पा आणि बाबासाहेब तिचे सभासद होते. दौऱ्यासाठी समितीची विभागणी झाली, तेव्हा खानदेशचे दोन्ही जिल्हे बाबासाहेब आणि आणखी एक सभासद यांच्या वाट्याला आले. म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हा सारा मुलूख. ते काम आटोपून मुंबईस परतताना ते चाळीसगावी उतरले आणि धुळ्याच्या फाट्यावरील एका गावी सवर्णांनी अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी करून आले. अपघात त्या चौकशीनंतर झाला.

समितीचा अहवाल मार्च १९३० मध्ये सादर झाला. सामाजिक बहिष्कार हे अस्पृश्यांविरुद्धचे सर्वांत घातक शस्त्र कसे ठरते, याचे त्यातील विवेचन बाबासाहेबांनी त्याच वर्षी गोलमेज परिषदेपुढे आधार म्हणून मांडले. गावकी, शेतावरची मजुरी आणि दुकानदाराची उधारी ही सर्व सवर्णांच्या हाती. हक्क मागितला की तिन्ही बंद. अशा घरातला मुलगा शाळेत टिकेल कसा, हा प्रश्न त्या अहवालात बहिष्काराच्या प्रश्नाला लागूनच येतो. शिष्यवृत्त्यांची संख्या वाढवावी, वसतिगृहे वाढवावीत, गिरण्या आणि रेल्वेचे कारखाने येथे धंदेशिक्षण घेणाऱ्यांना शिष्यवृत्ती द्यावी, अभियांत्रिकीसाठी एकाला परदेशी पाठवावे, अशा शिफारशी समितीने केल्या. या अहवालातूनच १९३१ मध्ये मुंबई इलाख्याचे मागासवर्ग खाते उभे राहिले. आजचे समाजकल्याण खाते त्याचाच वंशज होय. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला, बाबासाहेब १९३७ साली एका खटल्यासाठी धुळ्यास आले त्या दिवसाचे स्मरण म्हणून हजारो लोक जमतात. ते योग्यच आहे. परंतु बाबासाहेबांनी खानदेशात पायाचे हाड मोडून घेऊन जे कागद गोळा केले, त्या अहवालाचे वाचन आपण एकदाही कोठे ठेवलेले आमच्या ऐकिवात नाही.

वसतिगृहावरचा हा भर बाबासाहेबांच्या बाबतीत नवा नव्हता. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीतच सोलापूरला वसतिगृह उघडले होते. खानदेशालाही वसतिगृह ही वस्तू अनोळखी नव्हती. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाचे काम त्यांच्याकडे होते. मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढीत. वर्गात शिकविलेले छात्रालयात रुजते, हे त्यांनी ओळखले होते. बाबासाहेब खानदेशात चौकशी करीत होते तेव्हा गुरुजी अंमळनेरलाच होते. एकाच मुलखात, एकाच वर्षी, एक माणूस छात्रालय चालवीत होता आणि दुसरा ज्यांना छात्रालयच नाही त्यांची मोजदाद करीत होता.

महाविद्यालय मात्र खानदेशात तोवर एकही नव्हते. अंमळनेरला १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर निघाले होते. पण मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकावयाचे तर नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अंमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४४-४५ च्या सुमारास सुरू झाली. योगायोगाने दलित विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा आरंभही १९४४ चाच. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. त्यांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयला जे निवेदन सादर केले, त्यातील उच्च शिक्षणाच्या मागणीतून वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली.

या मागणीच्या मागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता, असे आम्हांस वाटते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, १९१६ मध्ये लंडनला आले आणि १९१७ मध्ये, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून, अभ्यास अर्धा टाकून परतले. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची मुभा दिली होती. मधल्या काळात त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून पैसे साठविले, मित्राकडून कर्ज काढले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. पुढे एम. एस्सी. १९२१ मध्ये, डी. एस्सी. १९२३ मध्ये. आजच्या सरकारी तक्त्यात १९१७ ते १९२० या तीन वर्षांत त्यांची गणना ‘गळती’ या सदरात झाली असती! बुद्धी तीच, चिकाटी तीच. फक्त दरमहाची रक्कम थांबली होती.

जून १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू यांची नावे एका शिक्षणसंकुलाला देण्यात जे औचित्य आहे, त्याविषयी पूर्वी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की, चाळीसगावहून कन्नडचा घाट चढला की औरंगाबाद फार दूर राहत नाही. जळगाव आणि अंमळनेर ही घरची महाविद्यालये असताना खानदेशातील आमच्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी तो घाट चढला तो तेथे वसतिगृह आणि जेवण होते म्हणून. गावाजवळ महाविद्यालय असणे आणि महाविद्यालय आवाक्यात असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या पायांना कळले होते.

त्यानंतर १९५६ आले. दीक्षा घेतलेल्यांनी अर्जावर धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले आणि अनुसूचित जातींच्या सवलती गमावल्या. कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्या हिंदूंपुरत्या ठेवल्या होत्या आणि १९५६ मध्ये त्यांत फक्त शिखांची भर पडली होती. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राला मात्र १९९० उजाडावे लागले. मधल्या चौतीस वर्षांत आमच्या कित्येक घरांत एकाच भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि एकाच पेटीत ‘हिंदू महार’ असा दाखला, असे दृश्य होते. त्यावर बाहेरच्यांनी आणि आपल्यातल्याही काहींनी दांभिकपणाचा आरोप केला. आम्हांला तो कधीच पटला नाही. मुलाची फी आणि मनाचा धर्म यांत निवड करावयास लावणारा आदेश ज्यांनी राखला, दोष त्यांच्याकडे जातो.

कागदाचा हा जाच संपलेला नाही. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. ज्याचे आजोबा शाळेत गेले त्याला शाळेचा दाखला सहज मिळतो. ज्याचे आजोबा गेलेच नाहीत त्याला गावच्या कोतवाल बुकाची नक्कल काढण्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालावे लागतात. म्हणजे जो शिक्षणात सर्वांत मागे, त्याचाच पुरावा सर्वांत दुर्मीळ. आदिम जमातींच्या मुलांची या बाबतीतील परवड आणखी मोठी आहे. त्यावर स्वतंत्रपणेच लिहावे लागेल.

आज चित्र पुष्कळ पालटले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला स्थापन झाले. २०१८ पासून ते बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाते. तालुक्या-तालुक्यांत महाविद्यालये आहेत. २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीनुसार अठरा ते तेवीस वयोगटाचे उच्च शिक्षणातील प्रवेशाचे एकंदर प्रमाण शेकडा २८.४, अनुसूचित जातींचे २५.९ आणि अनुसूचित जमातींचे २१.२ आहे. पहिल्या दोहोंतील अंतर कमी झालेले पाहून समाधान वाटते. पण हा आकडा प्रवेशाचा आहे. दारातून आत किती आले ते तो सांगतो. पदवी घेऊन किती बाहेर पडले ते सांगत नाही.

खानदेशातील शिक्षकाला हे अंतर आकड्यांवाचून दिसते. जून-जुलैत प्रथम वर्षाचा वर्ग भरलेला असतो. दसऱ्यापासून कापसाची वेचणी सुरू होते आणि मागची बाके रिकामी होऊ लागतात. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही मुले परत येतात, काही परीक्षेचा फॉर्म भरण्यापुरती येतात, काही येतच नाहीत. मुलींच्या बाबतीत त्यात लग्नसराईची भर. आमच्या परिचयातील एका विद्यार्थ्याचे प्रथम वर्षाचे गुणपत्रक, शिष्यवृत्तीची रक्कम शासनाकडून आली नाही म्हणून, एका महाविद्यालयाने अडकवून ठेवले होते. रक्कम आली तेव्हा तो सुरतेला हिऱ्याच्या कारखान्यात लागला होता.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये या शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यांत केंद्राचा वाटा शेकडा साठ. तीन लाखांपासून येथवरचा प्रवास मोठा आहे. राज्याने २०१६-१७ पासून, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाने स्वाधार योजना सुरू केली आहे. मूळ योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये आणि लहान जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,००० रुपये अशी रक्कम ठरविली होती. वसतिगृहात जागा नाही, तर जागेचे पैसे घ्या, असा तिचा विचार. तो वाईट नाही. पण पैसे हप्त्याने आणि उशिरा येतात. घरमालक भाडे महिन्याच्या महिन्याला मागतो. शिवाय धुळे-जळगावात वस्ती आणि आडनाव विचारून खोली देणारे घरमालक अद्याप आहेत. चाळीसगावच्या टांगेवाल्याची आठवण येते ती अशा वेळी. वसतिगृहात निदान तो प्रश्न येत नाही.

एका वसतिगृहाची नोंदवही आम्ही मध्यंतरी चाळली. नाव, गाव, तालुका, पालकाचा व्यवसाय, प्रवेशाची तारीख हे रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले. शेवटच्या ‘शेरा’ या रकान्यात बऱ्याच नावांपुढे दोनच शब्द होते, ‘घरी गेला’. का गेला, परत आला की नाही, परीक्षेला बसला की नाही, हे लिहिण्यास रकानाच नव्हता.

जळगाव आणि धुळ्याच्या विहार समित्यांना आमची एक सूचना आहे. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात दान गोळा होते. त्यातील काही भाग परीक्षा-शुल्क आणि खोलीभाडे यांसाठी उसनवार म्हणून बाजूला ठेवावा. शिष्यवृत्ती आली की विद्यार्थ्याने तो परत करावा. रक्कम फार लागत नाही. पहिल्या सत्राचे फॉर्म भरण्याची वेळ बहुधा वर्षावास संपता संपताच येते, आणि कापसाची वेचणीही त्याच सुमारास सुरू होते.