किरणोपचाराने होरपळलेल्या आतड्यांना चिनी काढ्याचा आधार?

गर्भाशयमुख किंवा गुदाशयाच्या कर्करोगात ओटीपोटाला किरणोपचार दिले जातात. त्या वेळी गाठीबरोबरच वाटेतील आतड्यांनाही किरणांचा मारा सोसावा लागतो. लहान आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नव्याने तयार होत असते. अस्तरातील सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी असलेल्या मूळ पेशी हे काम अखंड करतात आणि किरणांचा आघात नेमका अशा झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवरच होतो. जुन्या पेशी झडतात, नव्या येत नाहीत. मग जुलाब, पोटात कळा आणि अन्नावरची वासना उडणे सुरू होते. त्रास फारच वाढला तर उपचार मध्येच थांबवण्याची वेळ येते व कर्करोगाला उसंत मिळते.

यावरील उपायाच्या शोधात अमेरिकेतील येल विद्यापीठाचे औषधशास्त्रज्ञ युंग-ची चेंग यांनी 'हुआंग छिन थांग' या सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या चिनी काढ्याकडे लक्ष वळवले. चीनमध्ये तो जुलाबावर देत असत. स्कुटेलेरिया, पिओनी, ज्येष्ठमधाच्या जातीची मुळे आणि चिनी बोरे अशा चार वनस्पती त्यात असतात. त्याच्या प्रमाणित अर्काला 'पीएचवाय ९०६' असे नाव देण्यात आले.

इरिनोटेकान या केमोथेरपीच्या औषधाने आतडी सोललेल्या उंदरांना हा अर्क देण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. अर्काने सुरुवातीची इजा टळली नाही. मात्र मूळ पेशी पुन्हा कामाला लागल्या, अस्तर लवकर भरून आले आणि दाहही उतरला. विशेष म्हणजे, अर्कातील काही घटकांना हा गुण आतड्यातील जिवाणूंच्या विकरांची प्रक्रिया झाल्यावरच येतो, असे आढळले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पोटाला किरणे दिलेल्या उंदरांच्या आतड्यांची हानीही कमी झाली आणि गाठीला मात्र त्याचे संरक्षण मिळाले नाही. हा मुद्दा कळीचा आहे. कारण आतड्याबरोबर कर्करोगाच्या पेशींनाही वाचवणारे औषध काय कामाचे?

अर्थात, हे यश उंदरांतील आहे. किरणोपचार घेणाऱ्या रुग्णांसाठी हा सिद्ध झालेला उपचार नव्हे. आतड्यांना मुळात कमी किरणे लागावीत, ही वाट अधिक खात्रीची ठरली आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ३०० रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिमांच्या आधारे नेमके लक्ष्य साधणाऱ्या किरणोपचारामुळे आतड्यांच्या दीर्घकालीन तक्रारींचे तीन वर्षांनंतरचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले.

काष्ठौषधींच्या दुकानातून ज्येष्ठमध आणून घरीच काढा उकळण्याचा मोह मात्र आवरलेला बरा. ज्येष्ठमधाच्या अतिसेवनाने रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. जुलाबाने ते आधीच घटलेले असते आणि त्यात आणखी घट झाल्यास हृदयाचे ठोके बिघडू शकतात.