एका खोलीचा संसार : मुंबईच्या गिरणगावातील चाळींमधील साठवणुकीची व्यवस्था – एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

मुंबईच्या कामगारवस्तीचा इतिहास आजवर प्रामुख्याने गिरण्या, संप, कामगार संघटना आणि राजकीय चळवळी यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. कामगार गिरणीतून परतल्यानंतर ज्या खोलीत राहत होता, त्या खोलीच्या अंतर्भागाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले. भांडी कोठे ठेवली जात, अंथरुणे दिवसा कोठे जात, धान्याचे डबे, पाण्याची पिंपे आणि परगावाहून आलेल्या माणसाची पेटी यांना जागा कशी मिळे, हे प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. तथापि अत्यल्प जागेत वस्तूंची मांडणी कशी होते यावरून त्या घरात कोणाचा अधिकार किती आणि कोणाच्या वाट्याला श्रम किती, हे स्पष्ट होते. प्रस्तुत निबंधात याच दृष्टीने गिरणगावातील एकखोली बिऱ्हाडाच्या साठवणुकीचा विचार केला आहे.

चाळीची निर्मिती आणि जागेचे परिमाण

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली आणि पुढील काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा परिसर गिरणगाव म्हणून आकारास आला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेल्या मजुरांसाठी खाजगी मालकांनी चाळी उभारल्या. १८९६ च्या प्लेगनंतर या वस्त्यांच्या दाटीची सरकारला प्रथमच गंभीर दखल घ्यावी लागली. १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास अस्तित्वात आला. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत विकास खाते स्थापन झाले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे एकूण २०७ इमारती बांधल्या. याच पुढे बी. डी. डी. चाळी म्हणून ओळखल्या गेल्या. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, मजल्यावर सामाईक शौचालये आणि खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट, असे त्यांचे स्वरूप होते. १० फूट रुंद आणि १६ फूट लांब अशा जागेत एक कुटुंब, अनेकदा एकाहून अधिक कुटुंबे, संसार करीत असत.

येथे एक समकालीन तुलना उद्बोधक ठरेल. १९२६ मध्ये जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरात मार्गारेटे शूटे-लिहोत्स्की या महिला वास्तुविशारदाने कामगारांच्या घरांसाठी आटोपशीर स्वयंपाकघराचा आराखडा तयार केला. त्यात धान्यासाठी खणांपासून भांड्यांच्या कपाटांपर्यंत प्रत्येक वस्तूची जागा आधीच निश्चित केलेली होती. त्याच दशकात मुंबईत उभ्या राहिलेल्या चाळींतील खोली ही मात्र जवळपास चार भिंतींपुरतीच होती. तेथे घरातील वस्तूंचा विचार वास्तुकाराने केला. येथे तो राहणाऱ्यांनाच करावा लागला. चाळीतील साठवणुकीचे कौशल्य ही मूलतः या उणिवेची भरपाई होती, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

गावातील घराचा वारसा

ही भरपाई करताना रहिवाशांनी गावच्या घरातील ज्ञान सोबत आणले होते. कोकणातील वा घाटावरील घरात धान्यासाठी कणगी आणि बळद, भांड्यांसाठी उतरंड, दूधदुभत्यासाठी शिंकाळे, दिव्यासाठी कोनाडा आणि सरपणासाठी माळा असे. चाळीच्या खोलीत या सर्वांची लहान रूपे अवतरली. कणगीची जागा पत्र्याच्या डब्यांनी घेतली. मोठे भांडे तळाशी व लहान वर ही उतरंडीची रीत पितळी डब्यांच्या चढत्या रांगेत टिकून राहिली. शिंकाळ्याऐवजी छताच्या कडीला टोपली टांगली गेली. माळा तर नावासकट गावाहून आला.

वस्तूंच्या पुनर्वापराचाही येथे मोठा वाटा होता. रॉकेलचे चौकोनी डबे झाकण बसवून धान्यासाठी वापरले जात. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालडा वनस्पती तुपाचे पिवळे डबे पुढील अनेक दशके डाळ, साखर, पोहे यांच्यासाठी घरोघर दिसत. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाल्यावर धान्य ठरावीक मापाने मिळू लागले. वर्षाचे धान्य एकदम भरण्याची गावची सवय आणि शिधापत्रिकेवरील मोजका पुरवठा यांच्यात मेळ घालण्याचे काम या डब्यांनी केले.

जागेची आणि वेळेची वाटणी

चाळीतील खोलीचे बारकाईने निरीक्षण केल्यास तिच्यात साठवणुकीचे चार थर आढळतात. जमीन शक्यतो मोकळी ठेवली जाई, कारण तीच सकाळी स्वयंपाकाची, दुपारी जेवणाची आणि रात्री झोपण्याची जागा होती. हाताच्या उंचीवरील भिंत रोजच्या वस्तूंची : मांडणीवर भांडी, खुंटीवर कपडे, फळीवर डबे, कोपऱ्यात देव. लोखंडी खाटेखाली पेट्या, वळकट्या आणि उन्हाळ्यात गावाहून आलेले आंबे पेंढ्यात पिकत. त्याहून वर, माळ्यावर, वर्षातून क्वचित लागणाऱ्या वस्तू जात : गणपतीची आरास, मोठी पातेली, पाहुण्यांची अंथरुणे. मोरीलगत पाण्याचे पिंप असे. नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असल्याने ते भरून ठेवण्यावर घराचा दिवस अवलंबून होता.

जागेइतकीच वेळेचीही वाटणी होत असे. दिवसपाळी आणि रातपाळी यांमुळे एकाच अंथरुणावर दोन माणसे वेगवेगळ्या वेळी झोपत. अंथरूण उचलून वळकटी बांधणे ही केवळ टापटीप नव्हती. वळकटी उचलल्याशिवाय चूल पेटत नसे आणि भांडी आवरल्याशिवाय अंथरूण पडत नसे. खोलीबाहेरील सामाईक गॅलरीही या व्यवस्थेचा भाग होती. पापड-कुरडया तेथे वाळत आणि उन्हाळ्यात पुरुषमंडळी तेथेच झोपत.

खुंटी, पेटी आणि हक्क

गिरणगावातील गावकीच्या खोल्यांचा विचार येथे विशेष महत्त्वाचा आहे. एका गावचे पुरुष एकत्र येऊन खोली भाड्याने घेत आणि प्रत्येक जण ठरलेली वर्गणी देई. अशा खोलीत माणसाची मालमत्ता म्हणजे एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि भिंतीवरील एक खुंटी. या तीन वस्तू म्हणजे त्याच्या हक्काचा पुरावाच होता. तो सुगीसाठी वा शिमग्या-गणपतीला गावी गेला तरी त्याची पेटी खोलीत राही आणि पेटी आहे तोवर जागाही त्याची राही. पेटीला कुलूप असे. दाराला ते क्वचितच लागे. संपूर्ण खोली सामाईक असताना खाजगीपणाची मर्यादा पेटीच्या झाकणापाशी सुरू होत होती, असे म्हणता येईल.

कुटुंबाच्या खोलीत हा हक्क अधिक असमान होता. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाडी मर्यादित राहिली, पण नवी जागा मिळणे दुरापास्त झाले. मुलगा मोठा झाला, त्याचे लग्न झाले, तरी खोली तीच राहिली. तेव्हा माळ्यावरील सामान हलवून नवदांपत्यासाठी जागा करण्यात आली किंवा खोलीत पडदा टांगण्यात आला. वस्तूंसाठी केलेला माळा माणसांच्या वाट्याला आला. येथे साठवणुकीच्या कौशल्याची मर्यादा स्पष्ट होते. नव्या सुनेला त्या घरात स्वतःची अशी जागा बहुधा माहेरहून आणलेल्या ट्रंकेपुरतीच मिळे. आणि संपूर्ण खोली दिवसातून अनेकदा मांडण्या-आवरण्याचे श्रम मात्र प्रामुख्याने तिच्याच वाट्याला येत. खानावळ चालविणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तर आठ-दहा पुरुषांच्या जेवणाची भांडी, धान्य आणि इंधन याच खोलीत मावत असे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने या स्त्रियांना संघटित केले, तेव्हा हे घरातील श्रम प्रथमच सार्वजनिक चर्चेत आले.

दोन दृष्टी

सरकारी दृष्टीला ही मांडणी बहुधा अडगळ वाटली. प्लेगच्या काळात तपासणी पथकांनी घरांतील सामान बाहेर काढले, काही जाळले. हवा आणि उजेड अडविणारी वस्तू ही रोगाची साथीदार मानली गेली. राहणाऱ्यांच्या दृष्टीने तेच सामान म्हणजे पुढील महिन्याची तजवीज होती. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बर्नेट-हर्स्ट यांच्या मुंबईतील कामगार व निवासविषयक ग्रंथाने गर्दीचे दुष्परिणाम अभ्यासपूर्वक मांडले आणि त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि गर्दीची मोजणी म्हणजे गर्दीतील सुव्यवस्थेचे आकलन नव्हे.

या साठवणुकीचे आर्थिक मोल १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात उघड झाले. सुमारे अडीच लाख कामगारांचे वेतन थांबले. आधी डब्यांतील धान्य संपले, मग मांडणीवरील तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली, पेटीतील दागिने गहाण पडले. फळ्या रिकाम्या होत गेल्या त्या क्रमानेच घराची पत ओसरत गेली. चाळीची मांडणी ही कुटुंबाची बचतही होती, हे या प्रसंगातून दिसून येते.

समारोप

बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास आता प्रत्यक्षात येत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या देण्यात आल्या. शतकभर १६० चौरस फुटांत राहिलेल्या कुटुंबांना हे मिळणे न्याय्यच आहे. परंतु जुन्या खोल्या पाडल्या जात असताना त्यांतील खुंट्या, फळ्या आणि माळे यांची नोंद कोठेही होणार नसेल, तर कामगारांच्या गृहजीवनाचे एक महत्त्वाचे साधन कायमचे नष्ट होईल. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी खोल्यांचे आराखडे, छायाचित्रे आणि वृद्ध रहिवाशांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आठवणी संकलित करण्याचे कार्य विनाविलंब हाती घ्यावे, असे येथे सुचवावेसे वाटते.

त्याचबरोबर एक सावधगिरीही आवश्यक आहे. लहान घरातील कल्पकतेचे कौतुक करताना लहान घराचेच समर्थन होऊ नये. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत प्रारंभी २२५ चौरस फुटांची सदनिका पुरेशी मानली गेली. ती मर्यादा पुढे २६९ आणि नंतर ३०० चौरस फुटांपर्यंत वाढवावी लागली. माणसे कमी जागेत भागवून घेतात, म्हणून त्यांना कमी जागा पुरते, हा निष्कर्ष इतिहासाला मान्य होण्यासारखा नाही. गिरणगावातील स्त्री-पुरुषांनी एका खोलीत संसार मावविला, हे त्यांचे कर्तृत्व होय. तो त्यांना मावावावा लागला, याची जबाबदारी मात्र शहराच्या नियोजनाकडे जाते.