किड इकारस : अपरायझिंग

हातात धरून खेळण्याच्या निन्टेन्डो थ्रीडीएस या यंत्रासाठी काढलेला जपानी ॲक्शन व्हिडिओ गेम. मार्च २०१२ मध्ये तो जपान, अमेरिका आणि युरोपात विक्रीस आला. दिग्दर्शन व पटकथा मासाहिरो साकुराई यांची. ‘कर्बी’ आणि ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या मालिका सुरू करणारे साकुराई ते हेच. निर्मिती प्रोजेक्ट सोरा या कंपनीची. हा एकच गेम पूर्ण करून ती २०१२ मध्येच बंद झाली. मूळ ‘किड इकारस’ १९८६ चा. त्यातला पंखधारी देवदूत पिट आणि प्रकाशदेवता पालुटेना ही पात्रे इथे पुन्हा येतात. पिटला पंख असले तरी स्वतःच्या बळावर उडता येत नाही. पालुटेना त्याला उड्डाणशक्ती देते, तीही जेमतेम पाच मिनिटे. त्यामुळे बहुतेक प्रकरणे आकाशात सुरू होतात आणि उरलेली लढाई जमिनीवर होते.

या गेमची ख्याती आणि बदनामी दोन्ही त्याच्या नियंत्रणपद्धतीतून आली. डाव्या अंगठ्याने सर्कल पॅड सरकवून पिटला हलवायचे, डाव्याच तर्जनीने ‘एल’ बटण दाबून मारा करायचा आणि उजव्या हातातल्या स्टायलसने खालच्या टचस्क्रीनवर नेम धरायचा. उजवा हात असा गुंतल्यामुळे सुमारे २३५ ग्रॅमच्या यंत्राचा सगळा भार डाव्या हातावर येतो. तासाभरात मनगट भरून येते. निन्टेन्डोला याची कल्पना होती. म्हणूनच यंत्र टेबलावर ठेवून खेळता यावे यासाठी खोक्यातच एक घडीचा स्टँड दिला होता. डावखुऱ्यांना मात्र सर्कल पॅड प्रो हे वेगळे विकत मिळणारे जोडयंत्र लावूनच हात बदलता येत.

जमिनीवरच्या लढाईत आणखी एक अडचण आहे. दृश्य फिरवायला स्टायलसने पडद्यावर झटका द्यावा लागतो आणि हवे तिथे टेकवून ते थांबवावे लागते, जसा टेबलावरचा पृथ्वीगोल बोटाने फिरवून रोखावा. नवखा खेळाडू भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, कड्यावरून घसरतो. झटक्याचा अंदाज बसला की मागून आलेल्या शत्रूवर क्षणात वळता येते, आणि हा वेग दोन दांड्यांच्या सर्वसाधारण कंट्रोलरवर सहसा मिळत नाही. म्हणून ही पद्धत निष्काळजीपणाने बेतलेली म्हणणे अन्यायाचे ठरेल. अचूक आणि झपाट्याचा नेम मिळवण्यासाठी साकुराईंनी आरामाचा बळी दिला, आणि माझ्या मते तो सौदा फायद्याचा ठरला.

ही मेहनत वसूल होते ती काठिण्याच्या रचनेमुळे. प्रत्येक प्रकरणापूर्वी खेळाडू ० ते ९ या दरम्यान काठिण्य ठरवतो, तेही दशांशात. त्यासाठी मिळवलेली ‘हृदये’, म्हणजे या खेळातले चलन, पणाला लावावी लागतात. पातळी जितकी वरची, तितकी हाती येणारी शस्त्रे सरस. काही दारे तर ठरावीक पातळीखाली उघडतच नाहीत. पिट पडला की पणातली काही हृदये जातात आणि पातळी खाली येते. हरल्याची किंमत मोजावी लागते, तरी खेळ अडून राहत नाही. शस्त्रांचे नऊ प्रकार आहेत. धनुष्य, पंजे, तोफ, गदा यांचे वजन आणि पल्ला इतका वेगळा की शस्त्र बदलले की लढण्याची रीतही बदलावी लागते. दोन शस्त्रे एकत्र करून नवे घडवताही येते.

कथेत एकूण २५ प्रकरणे आहेत. नवव्यात तोवरची मुख्य शत्रू मेड्युसा मरते आणि श्रेयनामावली सुरू होते. तोच पाताळाचा देव हेडीस ती नावांची पाटी फाडून समोर येतो. खरा शत्रू तो. लढाई चालू असताना पिट आणि पालुटेना यांचा संवाद अखंड सुरू असतो. संगीत मोतोई साकुराबा, युझो कोशिरो, यासुनोरी मित्सुदा आदींचे. तीन विरुद्ध तीन अशा सामन्यांची ऑनलाइन सोय एप्रिल २०२४ मध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएसची सेवाच थांबवल्यामुळे बंद पडली; एकट्याने खेळण्याची प्रकरणे आजही खेळता येतात.