अश्वविद्येचा एक दास आचार्य

जातिवंत शर्यतीच्या घोड्याची वंशावळ किती काळजीनें जपली जाते, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. असा कोणताही घोडा घ्या. त्याचें पितृकुल सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडांत आणलेल्या तीन पौर्वात्य घोड्यांपैकीं एकापर्यंत जाऊन पोंचतें. ज्या माणसांनीं हे घोडे घडविले, त्यांच्याविषयीं मात्र इतिहासाची वही अनेकदां कोरी असते. अमेरिकेंतील पहिली केंटकी डर्बी जिंकणाऱ्या घोड्याचा शिक्षक ॲन्सेल विल्यम्सन याचा जन्म व्हर्जिनियांत १८०६ च्या सुमारास झाला. त्या घोड्याच्या आईबापांचीं, आजेपणजांचीं नांवें छापलेलीं सांपडतात. शिक्षकाच्या जन्मापाशीं ‘सुमारास’ हा शब्द जोडावा लागतो, कारण तो जन्मानें गुलाम होता.

पूर्वायुष्यांत तो अलाबामांतील टी. बी. गोल्डस्बी याच्या पागेंत होता. तेथें त्यानें तयार केलेल्या ‘ब्राउन डिक’ या घोड्यानें मोठा लौकिक मिळविला. पुढें कीन रिचर्ड्स यानें ॲन्सेलला विकत घेतलें. आणि १८६४ मध्यें केंटकींतील वुडबर्न येथील धनाढ्य अश्वपालक रॉबर्ट अलेक्झांडर यानें. येथें वाचक विचारतील कीं, लिंकननें १ जानेवारी १८६३ रोजीं दास्यमुक्तीचा जाहीरनामा काढल्यानंतर हा व्यवहार झाला कसा? तो जाहीरनामा बंडखोर प्रदेशांपुरता होता; केंटकी संघराज्यांतून फुटून निघालें नसल्यामुळें त्यास तो लागू नव्हता. ज्या युद्धांत गुलामगिरीचा निकाल लागत होता, त्याच युद्धाच्या ऐन भरांत हा साठीकडे झुकलेला गुणी पुरुष पुन्हा एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे गेला.

त्याला एवढी मागणी कां होती, हें समजण्यास त्या काळच्या शर्यतीचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. पुष्कळ शर्यती एका धांवेंत संपत नसत. कित्येक ठिकाणीं तीन-तीन, चार-चार मैलांच्या फेऱ्या एकाच दिवशीं धांवाव्या लागत, आणि दोन फेऱ्या जिंकील तो घोडा विजयी ठरे. मेहनत कमी पडली तर दुसऱ्या फेरींत घोड्याचा दम सुटे. अधिक झाली तर पाय निकामी होत. पायाच्या शिरेला हात लावून ती गरम तर नाहीं ना हें पाहणें, दाणा किती उरला यावरून प्रकृतीचा अंदाज घेणें, आणि मेहनतीचें माप रोज नव्यानें ठरविणें, ही विद्या पुस्तकांवरून येत नसे. ती ज्याच्या हातीं असे, त्याची किंमत वाढे. आणि गुलामाची किंमत वाढणें म्हणजे त्याच्यावरील मालकाची पकड अधिक घट्ट होणें होय.

वुडबर्नच्या पागेंत ‘अस्टेरॉइड’ हा घोडा ॲन्सेलच्या हाताखालीं होता. हा घोडा बारा शर्यती धांवला व एकही हरला नाहीं. १८६४ मध्यें बंडखोरांच्या एका टोळीनें तो पळवून नेला, तेव्हां खंडणी देऊन सोडवून आणावा लागला. एडवर्ड ट्रॉय या चित्रकारानें त्याच वर्षीं ‘अस्टेरॉइड’चें चित्र काढलें, त्यांत ॲन्सेलही दिसतो. डिसेंबर १८६५ मध्यें राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीनें तो कायद्यानें मुक्त झाला, आणि अलेक्झांडरच्याच पागेंत स्वतंत्र नोकर म्हणून राहिला.

पुढें प्राइस मॅकग्रा याच्या पागेंत असतांना त्याच्या कर्तृत्वाचा कळस झाला. १७ मे १८७५ रोजीं लुइव्हिल येथें दीड मैलाच्या पहिल्या डर्बींत पंधरा घोडे धांवले; त्यांतील तेरा स्वार कृष्णवर्णीय होते. मॅकग्राची भिस्त ‘चेसापीक’वर होती, ‘ॲरिस्टायडीझ’नें आरंभीं वेग वाढवून इतरांस दमवावें, एवढीच अपेक्षा होती. परंतु ‘चेसापीक’ मागें पडला, आणि ऑलिव्हर लुईस या कृष्णवर्णीय स्वारानें ‘ॲरिस्टायडीझ’ला २ मिनिटें ३७¾ सेकंदांत विजयी करून आणलें. त्याच वर्षीं बेलमाँटच्या शर्यतींत ॲन्सेलचा ‘कॅल्व्हिन’ पहिला व ‘ॲरिस्टायडीझ’ दुसरा आला.

दोनच वर्षांपूर्वीं, १८७३ मध्यें, जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक दास्यविमोचनासाठीं झटणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें होतें. त्या मुक्तीचें फळ कसें असूं शकतें, याचें ॲन्सेलची ही कामगिरी उत्तम उदाहरण आहे. वुडबर्नलाच, अलेक्झांडरनें लिलावांत विकत घेतलेला एडवर्ड ब्राउन नांवाचा पोर वाढला. त्याच्या वेगामुळें त्याला ‘ब्राउन डिक’ घोड्याचेंच नांव पडलें होतें. त्यानें तयार केलेल्या ‘बेडन-बेडन’नें १८७७ ची डर्बी जिंकली.

ॲन्सेल १८८१ मध्यें वारला. त्याच्यानंतर मात्र उतरती कळा लागली. १९०२ पर्यंतच्या अठ्ठावीस डर्बींपैकीं पंधरा कृष्णवर्णीय स्वारांनीं जिंकल्या. पण वर्णद्वेषानें त्यांना मैदानाबाहेर घालविलें, आणि १९२१ नंतर थेट २००० सालापर्यंत त्यांच्यापैकीं एकही डर्बींत उतरला नाहीं. ॲन्सेलचें नांव साराटोगा स्प्रिंग्स येथील शर्यतींच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या सन्मानपटांत चढण्यास १९९८ साल उजाडावें लागलें.

गुणाची कदर केली म्हणजे माणसाची कदर झाली, असें आम्ही मानीत नाहीं. ॲन्सेलच्या गुणाची पारख त्याच्या प्रत्येक धन्यास होती, म्हणूनच त्यांनीं त्याला विकत घेतलें. माणूस म्हणून त्याची नोंद करण्याचें काम मागाहून इतिहासाला करावें लागलें.