एकाच वर्गात अनेक पातळ्या : तंत्रज्ञान नेमके कुठे उपयोगी पडते?

सीमाभागातल्या लहान मराठी शाळांत हे चित्र नवे नाही. एकच गुरुजी किंवा बाई आणि समोर दोन-तीन इयत्तांची मुले. कुणी धडा घडाघडा वाचतो, कुणी जोडाक्षराला अडतो, कुणाच्या घरी कन्नड बोलतात. सगळ्यांना एकाच वेगाने शिकवले तर पुढचा कंटाळतो आणि मागचा आणखी मागे पडतो.

भिन्नस्तरीय अध्यापन म्हणजे काय?

गाठायचे ठिकाण एकच, वाटा मात्र वेगवेगळ्या. अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ कॅरल ॲन टॉमलिन्सन यांनी या पद्धतीची मांडणी केली. काय शिकायचे, कसे शिकायचे आणि शिकलेले कसे दाखवायचे, या तिन्ही बाबतींत मुलागणिक बदल करता येतो.

परितेवाडीचे उदाहरण

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा आहे. तिथे शिक्षक असताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू येते, व्हिडिओ दिसतो, स्वाध्याय मिळतो. मुलांच्या प्रतिसादावरून ते हा मजकूर बदलत गेले. पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या माहितीनुसार तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून त्यांनी पुस्तकेही त्या भाषेत आणली. 2020 साली त्यांना 10 लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर 9 शिक्षकांना वाटली.

आपल्या वर्गात कसे करावे?

1. आधी पातळी ओळखा. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ चाचणीत अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या असतात. प्रत्येक मुलाला वेगळे बसवून वाचायला लावा आणि वहीत नोंद ठेवा.

2. तीन गट करा. एक गट फोनवर धडा ऐकेल किंवा ‘रीड अलाँग’सारख्या ॲपसमोर मोठ्याने वाचेल. हे ॲप मराठी वाचन ऐकते आणि मूल अडले तर मदत करते. दुसरा गट लिहील. तिसरा, सर्वांत जास्त गरज असलेला गट शिक्षकांजवळ बसेल.

3. गट बदलत ठेवा. दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा, नाहीतर ‘ढ’ हा शिक्का कायमचा बसतो.

नेटवर्क नसेल तर?

2017 साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ ॲपवरचे साहित्य आधी डाउनलोड करून ठेवता येते. एक फोन आणि एक छोटा स्पीकर एवढ्यावरही सुरुवात होते. तेही नसेल तर शिक्षकांनी स्वतःच्या आवाजात धडा रेकॉर्ड करावा. गावातल्या बोलीत दोन शब्द समजावून सांगितले, तर मुलांना तो जास्त जवळचा वाटतो.

एक मात्र विसरू नका. स्मार्ट बोर्डावर सगळ्यांना एकच व्हिडिओ दाखवणे म्हणजे जुनेच शिकवणे नव्या पडद्यावर. फोनने एका गटाला पंधरा मिनिटे गुंतवले आणि तेवढ्या वेळात बाई अडलेल्या चार मुलांजवळ जाऊन बसल्या, तर ते तंत्रज्ञान कामाला आले म्हणायचे.