साथ आणि कायदा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे तो घाट चढून सातारा जिल्ह्यातही आला. आपले कडेगाव तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. कलमे अवघी चार. सरकारने हवे ते नियम करावेत, मोडणाऱ्यास शिक्षा व्हावी आणि सद्हेतूने काम करणाऱ्यावर दावा चालू नये, हे त्यांचे सार. रोग्याच्या शुश्रूषेच्या हक्काविषयी मात्र एक शब्दही नाही! पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले. लोक रोगी लपवू लागले. रोग हटविण्यासाठी केलेल्या सक्तीनेच रोगाला आसरा दिला. २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला; त्यांना कोणत्याही कलमाची आज्ञा नव्हती.

मार्च २०२० मध्ये, म्हणजे १२३ वर्षांनी, कोरोनासाठी राज्य सरकारने हाच कायदा वापरला. आपल्याच जिल्ह्यातील इस्लामपुरात रस्ते बंद झाले. एप्रिलमध्ये वटहुकमाने डॉक्टर-परिचारिकांना संरक्षण मिळाले. रोग्याच्या हक्काचे कलम तेव्हाही आले नाही.

आम्ही सक्तीच्या विरुद्ध नाही. साथीत ती लागतेच. परंतु ज्या घराने दार उघडावे असे वाटते, त्या घराला आपल्या माणसाचे पुढे काय होणार, हे आधी सांगितले पाहिजे.